पूल ओलांडून आलेला कुक : प्रिन्स एडवर्ड आयलंडवरचं एक प्रकरण

२०२४च्या जूनमधल्या एका रविवारी दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला. हातात निळी प्लास्टिकची फाइल होती आणि अंगावर कामावरचाच टी-शर्ट. पहाटे पाचची शिफ्ट करून थेट आला होता. वय अठ्ठावीस, गाव कुडाळजवळचं, हॉटेल मॅनेजमेंट गोव्यात केलेलं. ताट वाढेपर्यंतही त्याला धीर नव्हता. फाइल टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, सहा म्हयने पुरे झाले. आता आवशीक काय सांगू?"

त्याचं नाव देत नाही. मालकांची आणि दुकानांचीही नावं देत नाही. बाकी सगळं त्याच्या संमतीनं लिहितेय, कारण त्याच्यासारखी मुलं अजून या बेटावर येतायत आणि तेच ऐकून येतायत जे त्यानं ऐकलं होतं. मी परवानाधारक सल्लागार नाही. आम्ही स्वतः याच प्रांताच्या नॉमिनेशनवर, म्हणजे कायम वास्तव्यासाठीच्या शिफारशीवर, आलो, नवरा इथल्या एका वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट आहे. फॉर्म वाचायला, तारखा जुळवायला आणि धीर द्यायला मी बसते, एवढंच. कायद्याचा प्रश्न आला की मुलांना वकिलाकडे पाठवते.

प्रिन्स एडवर्ड आयलंड, म्हणजेच पीईआय, हा कॅनडाचा सगळ्यात छोटा प्रांत. क्षेत्रफळ साधारण ५,६६० चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित जास्त. पण २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं होती आणि २०२१च्या जनगणनेत या बेटावर १,५४,३३१. माती लालभडक, लोहामुळे. कोकणातला माणूस पहिल्यांदा इथं उतरला की वाकून माती बघतोच, यानंही बघितली होती. बटाटा, लॉबस्टर आणि उन्हाळ्यातले पर्यटक यांच्यावर बेट चालतं. मुख्य भूमीशी जोडणारा १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल १९९७ साली सुरू झाला. त्याचा टोल फक्त बेट सोडताना भरावा लागतो, येताना कोणी काही मागत नाही.

इथली तरुण पोरं वर्षानुवर्षं पश्चिमेकडे, तेलाच्या कामाला जात राहिली आणि मागं म्हातारी माणसं उरली. म्हणून प्रांतानं नॉमिनेशनचा दरवाजा मोठ्या मनानं उघडला होता. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत लोकसंख्या आठ टक्क्यांनी वाढली, कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत सर्वाधिक वेगानं.

या व्यवस्थेचा सांगाडा समजून घेतल्याशिवाय त्याची चूक कळणार नाही. केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक प्रांताला नॉमिनेशनचा कोटा देतं. कोणाला नॉमिनेट करायचं ते प्रांत ठरवतो, आणि पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, शेवटी केंद्रच देतं. पीईआयच्या योजनेत एक स्ट्रीम, म्हणजे उपयोजना, होती, क्रिटिकल वर्कर. ट्रक ड्रायव्हर, हॉटेलात खोल्या साफ करणारे, वाढपी, दुकानातले मदतनीस, मजूर अशा कामांसाठी. मोठे प्रांत ज्या कामांकडे बघतही नव्हते त्यांना इथं वाट होती. वय २१ ते ५९, इंग्रजी कॅनडाच्या मोजपट्टीवर चौथ्या पातळीचं, शिक्षण निदान बारावी, आणि बेटावरच्या एकाच मालकाकडे सहा महिने पूर्ण वेळ काम. नोकरी कायमची हवी किंवा निदान दोन वर्षांची. एवढं जमलं की तुम्ही प्रांताच्या पोर्टलवर इच्छुक म्हणून नाव नोंदवायचं. मग वय, भाषा, अनुभव वगैरेचे गुण लागतात, प्रांत ठराविक काळानं ड्रॉ काढतो, म्हणजे जास्त गुणांची नावं निवडतो, आणि ड्रॉमध्ये नाव आलं तरच अर्ज करता येतो.

ओंटारियोतल्या गल्लीबोळांत ही गोष्ट पोचली तेव्हा तिची शेपटी गळून पडली होती. ब्रॅम्प्टनमधल्या एका सल्लागारानं त्याला सांगितलेलं वाक्य होतं : "पीईआयला जा, कुठंही काउंटरवर सहा महिने उभा राहा, पीआर घे." ड्रॉचा उल्लेख नाही, गुणांचा नाही. त्या सल्ल्याचे त्यानं पैसेही मोजले होते.

तो कॅनडात आला जानेवारी २०२०मध्ये, ओंटारियोच्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला. दोन महिन्यांत कोविड आला आणि वर्ग मोबाइलवर गेले. फीसाठी काजूची बाग बँकेकडे तारण होती. डिसेंबर २०२१ला कोर्स संपला आणि फेब्रुवारी २०२२पासून तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं, फेब्रुवारी २०२५पर्यंतचं. शिक्षणानंतरचं हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. मार्च २०२२पासून तो एका भारतीय रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात होता, सप्टेंबर २०२३पर्यंत. मग ती नोकरी सोडून ऑक्टोबरमध्ये पूल ओलांडून शार्लटटाऊनला आला, आणि एका साखळी-रेस्टॉरंटच्या काउंटरवर कॉफी ओतायला लागला. चौघांत एक बेसमेंट, पाळीनं झोपायचं.

इथं मला थांबून त्याच्यावर थोडं रागवायचंय, तोंडावर रागावलेच होते. कॅनडात प्रत्येक कामाला राष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक आणि एक पायरी असते, तिला टीअर म्हणतात, शून्य ते पाच. कुक म्हणजे ६३२००, तिसरी पायरी. काउंटरवरचा मदतनीस आणि स्वयंपाकघरातला हरकाम्या म्हणजे ६५२०१, पाचवी पायरी. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे केंद्राच्या गुणांवर चालणाऱ्या पीआरच्या वाटेत, कॅनडातला अनुभव धरतात तो शून्य ते तीन पायऱ्यांवरचाच. पाचव्या पायरीवर घालवलेला महिना तिथं मोजला जात नाही. म्हणजे हा मुलगा चांगल्या पायरीवर उभा होता आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून स्वतःच्या पायांनी दोन पायऱ्या उतरला. त्याला हे माहीत नव्हतं, कारण सांगणाऱ्यानं सांगितलंच नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये प्रांतानं जाहीर केलं की या वर्षी नॉमिनेशन २५ टक्क्यांनी कमी करणार. आरोग्यसेवा, बालसंगोपन आणि बांधकाम यांना प्राधान्य राहणार, कात्री लागणार ती मुख्यतः विक्री आणि खाद्यसेवेतल्या कामांना. कारणं खोटी नव्हती. भाड्याच्या घराची जाहिरात लागली की तासाभरात खोली जायची, आणि फॅमिली डॉक्टरसाठीची प्रतीक्षायादी इतकी लांबली की इथं जन्मलेल्या माणसांनाही डॉक्टर नव्हता. शेजारच्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात द्वेष नव्हता, थकवा होता. बाहेरून आलेल्याला इथं 'फ्रॉम अवे' म्हणतात, मग तो मुंबईचा असो की शेजारच्या नोव्हा स्कोशियाचा. पण या शब्दाचा सूर त्या वर्षी बदलला हे मात्र खरं.

पडद्यामागं आणखी एक जुनं दुखणं होतं. नॉमिनेशनवर आलेली बरीच माणसं पीआर हातात पडताच टोरंटोकडे निघून जातात. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेनुसार पीआर असलेला माणूस देशात कुठंही राहू शकतो, त्याला कोणी अडवू शकत नाही. आलेली माणसं टिकवून ठेवण्यात पीईआय सगळ्या प्रांतांत मागे राहिलेलं आहे. त्याआधी उद्योजकांच्या स्ट्रीमचं प्रकरण झालं होतं : दोन लाख डॉलर प्रांताकडे ठेव ठेवायची, धंदा चालवून दाखवला की परत मिळणार. अनेकांनी धंदा न चालवता ठेवीवर पाणी सोडलं आणि निघून गेले. २०१८मध्ये प्रांतानं त्या स्ट्रीम बंद केल्या. बेटाच्या मनात ते सगळं होतं. श्रीमंतांनी केलेल्या त्या व्यवहाराची किंमत काउंटरवरच्या पोरांनी चुकती केली असं मला वाटतं, आणि ते मला आजही बोचतं.

मे महिन्यात पोरं रस्त्यावर आली. बहुतेक भारतातली, त्यातही पंजाबची जास्त. शार्लटटाऊनच्या मध्यात, विधिमंडळाच्या परिसरात त्यांनी ठाण मांडलं, महिनाअखेरीला काहीजण उपोषणाला बसले. मागणी सरळ होती : नियम बदलण्याआधी जे बेटावर आले, इथं काम करतायत, कर भरतायत, त्यांना जुन्या नियमानं धरा, आणि परमिटं वाढवून द्या. आमचा हा मुलगा उपोषणाला बसला नाही, पण शिफ्ट संपली की तिथं जाऊन उभा राहायचा. मी दोनदा भात-आमटीचे डबे घेऊन गेले, उपोषणाला न बसलेल्यांसाठी. रात्री गारठा होता, पाऊस होता, आणि ब्लँकेट अंगावर घेऊन बसलेल्या पोरांपैकी एकानंही आवाज चढवला नाही. सरकारनं धोरण बदललं नाही.

त्याच महिन्यात मॅनिटोबात काय झालं ते बघा. तिथल्या प्रांतानं केंद्राशी बोलून, परमिट संपत आलेल्या साधारण ६,७०० कामगारांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळवून दिली, तोवर प्रांत त्यांना नॉमिनेट करू शकेल म्हणून. म्हणजे रस्ता होता. छोट्या प्रांतानं तो मागायला हवा होता. कोणाला नॉमिनेट करायचं ते ठरवण्याचा प्रांताला पूर्ण अधिकार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांनी तुमच्या कालच्या नियमावर विसंबून बिऱ्हाड हलवलं त्यांच्यासाठी एक तारीख आखून देणं अवघड नव्हतं. माझं हे मत मी इथल्या लोकप्रतिनिधीला पत्रानं कळवलं होतं.

तर जूनमधला तो रविवार. परमिट संपायला आठ महिने उरलेले. जेवण झाल्यावर आम्ही टेबल रिकामं केलं आणि फाइल पसरली.

पहिली गोष्ट त्यानं खिशातून काढली, फाइलमधून नव्हे. एका माणसाचा निरोप होता : पंचवीस हजार डॉलर दे, एलएमआयए काढून देतो. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकाला केंद्राकडून मिळणारी मंजुरी. कामगाराकडून तिचे पैसे घेणं सरळसरळ बेकायदेशीर आहे. तरी बाजार चालत होता, कारण तेव्हा त्या नोकरीच्या पत्रावर एक्स्प्रेस एंट्रीत ५० गुण मिळायचे. हे गुण पुढे मार्च २०२५मध्ये काढून टाकले गेले. मी त्याला नीतीचे धडे दिले नाहीत. त्याला फक्त गणित करायला लावलं. त्याचे गुण साडेचारशेच्या आसपास. त्यात पन्नास मिळवले तर पाचशे. आणि त्या वर्षी सर्वसाधारण ड्रॉची किमान गुणांची रेषा ५२०च्या वरच होती. बाग विकून पंचवीस हजार उभे केले असते आणि तरीही तो रेषेच्या खालीच राहिला असता. त्यानं तो निरोप तिथंच पुसून टाकला.

फ्रेंचचा विचार केला. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात आणि त्यांची रेषा फारच खाली असते, २०२४च्या फेब्रुवारीत ती ३३६वर आली होती. ज्यांच्या हातात दोन वर्षं आहेत त्यांना मी आजही आधी हेच सांगते. पण आठवड्याला चाळीस तास उभं राहून आठ महिन्यांत शून्यापासून सातव्या पातळीवर जाणं त्याच्यानं होणार नव्हतं, आणि तसं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पुन्हा कॉलेजला जाणं म्हणजे पुन्हा कर्ज, ते आईला सांगण्याची त्याची तयारी नव्हती.

मग मी विचारलं, "ओंटारियोत नक्की करायचास काय?"

"रेस्टॉरंटात होतो."

"ते कळलं. सकाळी आत गेलास की पहिलं काय करायचास?"

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि सांगतच राहिला. दहाला आत. आधी तंदूरसाठी कोंबडी दह्यात घालायची, मग तीन ग्रेव्ह्या : कांदा-टोमॅटोची, काजूची, पालकाची. मालाची यादी त्याच्याकडे, कांद्याची पोती किती मागवायची ते तोच ठरवायचा. संध्याकाळच्या गर्दीत करीच्या शेगडीवर एकटा. दोन नवीन मुलांना त्यानंच तयार केलेलं. हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की हा मुलगा दीड वर्ष कुकच होता. त्याच्या अनुभवपत्रात मात्र तीन ओळी होत्या : अमुक इसम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे 'टीम मेंबर' होता, वागणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

वर्गीकरण हुद्द्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष केलेल्या कामांवरून ठरतं. आणि ती कामं पत्रात लिहिलेली नसतील तर अधिकाऱ्यानं ती कुठून वाचायची? बागेच्या कर्जाएवढं मोल त्या न लिहिलेल्या ओळींना होतं.

पर्याय समोर आला तो अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रामचा. हा पीईआयसह पूर्वेकडच्या चार अटलांटिक प्रांतांसाठीचा केंद्राचा कार्यक्रम. २०१७ साली प्रायोगिक सुरू झाला आणि १ जानेवारी २०२२पासून कायमचा झाला. यात तेव्हा ड्रॉ नव्हता, गुणांची शर्यत नव्हती. प्रांतानं मान्यता दिलेल्या मालकाची पूर्ण वेळ, हंगामी नसलेली नोकरी हवी. गेल्या पाच वर्षांत पहिल्या पाच पायऱ्यांवरच्या कामाचे १,५६० तास हवेत, म्हणजे टीअर शून्य ते चार, आणि ते निदान बारा महिन्यांत पसरलेले. कुकसाठी इंग्रजी पाचव्या पातळीचं. एलएमआयए लागत नाही. मालक आणि उमेदवार मिळून प्रांताकडे एंडोर्समेंट, म्हणजे प्रांताची मान्यता, मागतात, ती मिळाली की केंद्राकडे पीआरचा अर्ज.

आता तास मोजायला बसलो. गोव्यातला अडीच वर्षांचा हॉटेलचा अनुभव डिसेंबर २०१९ला संपत होता. पाच वर्षांची खिडकी महिन्या-महिन्यानं पुढं सरकते, तसा तो अनुभव मागून गळत चालला होता. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच उरणार नव्हतं. काउंटरचे आठ महिने पाचव्या पायरीचे, म्हणून शून्य. राहिलं ते ओंटारियो. तिथं तो आठवड्याला चाळीसच्या वर तास राबला होता, पण पगाराच्या चिठ्ठीवर सरासरी बावीसच. बाकीचे रोख. अशी किती पोरं मी पाहिलीत! मी त्याला स्पष्ट सांगितलं, जे कागदावर नाही ते मागायचं नाही आणि पत्रात घुसवायचंही नाही. खोटं पत्र सापडलं तर पाच वर्षांची बंदी बसते. त्यानं फोनवरच कॅल्क्युलेटर उघडला. ८२ आठवडे गुणिले २२. १,८०४. हवे होते १,५६०. पठ्ठ्यानं तीनदा गुणाकार केला.

पत्र मिळवायला सात आठवडे लागले. या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच होता, अर्ज वगैरे नंतर सोपे गेले. मालक फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, मी असली पत्रं देत नाही. त्याला भीती रोखीच्या तासांची होती हे उघड होतं. शेवटी आम्ही मसुदा करून पाठवला : तारखा पगाराच्या चिठ्ठ्यांप्रमाणे, आठवड्याचे तास चिठ्ठ्यांप्रमाणे, ताशी दर चिठ्ठ्यांप्रमाणे, आणि खाली त्यानं केलेली कामं त्याच्याच शब्दांत, साध्या इंग्रजीत. सरकारी वर्गीकरणातली वाक्यं जशीच्या तशी उचलायची नाहीत असं मी बजावलं होतं, कारण ती वाक्यं वाचून वाचून अधिकाऱ्यांचे डोळे पिकलेले असतात. तीन ग्रेव्ह्या, कांद्याच्या ऑर्डर, नव्या मुलांचं शिक्षण, सगळं लिहिलं. मसुद्याच्या सोबत त्यानं मालकाला हिंदीत एक लांब मेसेज पाठवला. काय लिहिलं होतं ते मला दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.

तोवर तो नोकरी शोधत होता. शहरातली रेस्टॉरंटं उन्हाळ्यापुरती माणसं घेत होती आणि हंगामी नोकरी चालणार नव्हती. मी सुचवलं, वृद्धाश्रमांची स्वयंपाकघरं बघ. ती बारा महिने चालतात, आणि प्रांताची नजर त्या वेळी आरोग्य आणि देखभालीच्या क्षेत्रावरच होती. बेटाच्या पश्चिम टोकाकडच्या एका वृद्धाश्रमात कुकची जागा बऱ्याच दिवसांपासून रिकामी पडली होती. शार्लटटाऊनपासून शंभराहून अधिक किलोमीटर. चहूबाजूंना बटाट्याची शेतं, रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिथला मालक कार्यक्रमात मान्यताप्राप्त होता.

मॅनेजरबाईंनी त्याला मुलाखतीला बोलावलं आणि थेट स्वयंपाकघरात उभं केलं. ज्यांना गिळता येत नाही अशा आजी-आजोबांचं जेवण कसं करतात ते दाखवलं. मासा, गाजर आणि बटाटा, प्रत्येक वेगळा शिजवून वेगळा वाटायचा, दाटपणा चमच्यावर तपासायचा, उलटा केला तर चमच्यावरून एकसंध घसरला पाहिजे, सांडता कामा नये. मग ताटात तिन्ही रंग वेगवेगळे दिसतील असं मांडायचं, म्हणजे खाणाऱ्याला आपण काय खातोय ते कळतं. तो म्हणाला, "ताई, माझी आजी शेवटी शेवटी पेजेवर होती. आये पेजेत मासो कुस्करून घालायची." त्याला ते काम परकं वाटलंच नाही. ऑगस्टअखेरीस तो रुजू झाला.

बाकीचं वेगानं सांगते. त्याचा आयईएलटीएसचा निकाल २०२२चा होता, दोन वर्षांनी तो बाद होतो. सप्टेंबरमध्ये हॅलिफॅक्सला जाऊन पुन्हा परीक्षा दिली, सहकाऱ्याच्या गाडीतून, परतीच्या वाटेवर नव्हे तर जाताना टोल भरत. तो तेव्हा पन्नास डॉलरच्या घरात होता, दोघांनी वाटून घेतला. डिप्लोमा कॅनडाचाच असल्यामुळे शिक्षणाचं मूल्यमापन लागलं नाही. काम करत असल्यानं बँकेतल्या शिलकेचा पुरावा लागला नाही. सेटलमेंट प्लॅन, म्हणजे इथं स्थायिक होण्याचा आराखडा, नवागतांसाठीच्या संस्थेत बसून फुकट झाला.

२४ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं पुढच्या वर्षांची योजना जाहीर केली. प्रांतीय नॉमिनेशनचं वर्षाचं लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणलं. बातमी आली तेव्हा त्याचे कागद मॅनेजरबाईंच्या टेबलावर होते, कारण तीन महिने काम पाहिल्याशिवाय सही करायची नाही असा त्यांचा नियम. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांनी मात्र नोव्हेंबरअखेरीस शब्द पाळला. जानेवारी २०२५मध्ये एंडोर्समेंट आली, सोबत वर्क परमिटसाठीचं प्रांताचं शिफारसपत्र. जुनं परमिट संपायला दोन आठवडे असताना नव्याचा अर्ज गेला, म्हणून निर्णय येईपर्यंत त्याला कायदेशीरपणे काम करता आलं. एप्रिलमध्ये परमिट आलं. पीआरचा अर्जही फेब्रुवारीतच केला होता.

हे परमिट बंद आहे, म्हणजे एकाच मालकाला बांधलेलं. पूर्वी त्याच्याकडे खुलं होतं, कुठंही जाता यायचं. मॅनेजरबाई भल्या आहेत, पण रविवारी कोणी आजारी पडलं की फोन यालाच येतो आणि हा कधी नाही म्हणत नाही. मी त्याला सांगून ठेवलंय की छळ होत असेल तर खुलं परमिट मागता येतं, २०१९पासून तशी सोय आहे. इथं तशी वेळ नाही. पण 'नाही' म्हणता न येणं ही गोष्टही पीआर येईपर्यंतच्या किमतीत धरावी लागते, आणि ती कुठल्याच फॉर्मवर छापलेली नसते.

काउंटरवरच्या त्याच्या तीन साथीदारांचं काय झालं तेही सांगायला हवं. एकजण अल्बर्टाला गेला. एकीनं बालसंगोपनाचा कोर्स धरला. तिसरा भारतात परतला, नाशिकला. तो चौघांत सगळ्यात मेहनती होता. त्याच्याकडे पाचव्या पायरीच्या वरचा एकही तास नव्हता, म्हणून माझ्या टेबलावर त्याच्यासाठी काही निघालं नाही. त्याला विमानतळावर सोडायला मी गेले होते.

२०२५ची गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, बुधवारी. हा सुट्टी काढून आदल्या रात्रीच आला आणि पहाटेपासून मोदकाची उकड काढत होता. पीआरचा निकाल तोवर आलेला नव्हता, मेडिकल झालं होतं. त्या महिन्यात पुलाचा टोल वीस डॉलरवर आल्याचं कौतुक सगळ्यांना सांगत होता. दुपारी आरतीनंतर त्यानं सोबत आणलेल्या एका मुलाची ओळख करून दिली, साताऱ्याकडचा, परमिट डिसेंबरपर्यंतचं, सध्या एका दुकानात शेल्फ भरतोय. मुलगा संकोचून दाराशीच उभा होता. मी काही विचारण्याआधी यानं पानं उचलली, टेबल पुसलं, त्याला खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बस. याच्या आधी कुठं कामाला होतास? सकाळी आत गेल्यावर पहिलं काय करायचास, ते सांग."